लग्न लावून देणं हा उपाय नव्हे

समलिंगी कल असलेल्या माणसांसाठी चर्चने काय करावं, हा विषय निघाला की आमच्याकडे दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, "शिकवण ठरलेली आहे, त्यात बोलायचं काय?" दुसरं, "ही सगळी मुंबईची थेरं, आपल्या कर्जत-खालापुरात असलं काही नसतं." पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. दुसरं अजिबात नाही.

आधी शिकवणीबद्दल. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात परिच्छेद २३५७ ते २३५९ मध्ये हा विषय येतो. समलिंगी शरीरसंबंध चर्चला मान्य नाहीत, अशा व्यक्तींनी ब्रह्मचर्य पाळावं, हे तिथे आहेच. आपण सगळे तेवढंच लक्षात ठेवतो. पण त्याच ठिकाणी असंही सांगितलंय की या माणसांना आदराने, करुणेने आणि हळुवारपणे स्वीकारावं, त्यांच्याशी अन्यायाचा भेदभाव करू नये. हा भाग प्रवचनात मी तरी अजून ऐकलेला नाही!

आणि हे काही फक्त रोमचे कागद नव्हेत. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ पुन्हा लागू केलं, तेव्हा मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की समलिंगी लग्नाला चर्चचा विरोध आहे, पण चर्चने या माणसांना कधी गुन्हेगार मानलेलं नाही. पुढे ६ सप्टेंबर २०१८ ला न्यायालयानेच प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून वगळलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनीही समलिंगी असणं हा गुन्हा नाही असं स्पष्ट सांगितलं. कार्डिनल ग्रेशस २०२५ मध्ये निवृत्त झाले, पण रायगड जिल्हा मुंबई महाधर्मप्रांतातच येतो. म्हणजे मुंबईच्या आर्चबिशपांचे शब्द आमच्यासाठीही होते. ते कर्जतपर्यंत पोचले का, हा खरा प्रश्न.

आता "आपल्याकडे नसतं" याबद्दल. आपल्याकडे दिसत नाही, एवढंच खरं. मुंबईत अशोक राव कवींनी १९९४ साली हमसफर ट्रस्ट सुरू केला, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली समपथिक ट्रस्ट. शहरात निदान जायला दार आहे. कर्जत किंवा खोपोलीच्या मुलाने काय करायचं? लोकल पकडायची, दोन तास प्रवास करायचा आणि परत येऊन घरी काहीतरी थाप मारायची. इथे कॅथलिक घरं मोजकी, सगळे सगळ्यांना ओळखतात. कोण कुणाशी बोललं हे संध्याकाळपर्यंत बाजारात पोचतं. मग एक दिवस तो मुलगा नोकरीच्या निमित्ताने कायमचा निघून जातो आणि आपण म्हणतो, आपल्याकडे असलं काही नसतं.

जो जात नाही त्याचं काय होतं? त्याचं लग्न लावून देतात. हा उपाय काही कॅथलिकांनी शोधलेला नाही, शेजारच्या हिंदू घरातही तेच चालतं. "लग्न झालं की येईल ताळ्यावर." पण आमच्याकडे ही गोष्ट जास्त भयंकर आहे, कारण चर्च घटस्फोट मानत नाही. ताळ्यावर तो येत नाहीच, आणि जिला यातलं काही ठाऊक नव्हतं अशी एक मुलगी जन्मभराची अडकते. तिची बाजू तर कुणी मांडतच नाही.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) चर्चचा स्वतःचा कायदा या उपायाच्या विरुद्ध आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतलं कलम १०५७ म्हणतं की लग्न घडतं ते दोघांच्या संमतीने, आणि ती संमती दुसरी कुठलीही मानवी सत्ता देऊ शकत नाही. आईबापही नाहीत. कलम ११०३ प्रमाणे जबरदस्तीने किंवा मोठ्या भीतीपोटी केलेलं लग्न अवैध. आणि कलम १०९५ प्रमाणे मानसिक कारणांमुळे वैवाहिक जीवनाच्या मूलभूत जबाबदाऱ्या जो पेलू शकत नाही, त्याचंही लग्न वैध होत नाही. समलिंगी कलाची प्रकरणं चर्चच्या न्यायालयापुढे येतात ती बहुतेक याच कलमाखाली. म्हणजे जे लग्न पुढे वर्षानुवर्षं खटला चालवून रद्द ठरवायचं, तेच आधी वाजतगाजत लावायचं. याला काय म्हणावं?

म्हणून मला वाटतं, आमच्या भागात फादरांनी या माणसांसाठी वेगळी संघटना किंवा शिबिरं काढायची गरज नाही. आधी हे एक काम करावं. लग्नापूर्वी ते वधूवरांची चौकशी करतात, दोघांना वेगवेगळं बसवून. तो फॉर्म पाच मिनिटांत भरून संपवू नये. "तुला हे लग्न खरंच करायचंय का? कुणाचा दबाव आहे का?" हे दार लावून, शांतपणे विचारावं आणि उत्तराला वेळ द्यावा. आईबाप सल्ला मागायला आले तर लग्न हा इलाज नाही हे त्यांना स्पष्ट सांगावं. "बरं करून देतो" म्हणणाऱ्या डॉक्टरकडेही पाठवू नये. इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीने २०१८ मध्येच हा आजार नसल्याचं म्हटलंय, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे 'उपचार' हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं.

दुसरं म्हणजे, अख्ख्या गावात चुगली करायची बंदी असलेला माणूस एकच, तो म्हणजे फादर. पापनिवेदनात ऐकलेलं ते कुणालाही सांगू शकत नाहीत. एवढा विश्वासाचा माणूस हाताशी असताना आमची मुलं त्याच्याकडे जात नाहीत, कारण तो काय म्हणेल याची त्यांना खात्री नसते. ती खात्री आधी वेदीवरून द्यावी लागेल. वर्षातून एका रविवारी दोन वाक्यं पुरेत: "तुमच्यापैकी कुणी असं असेल तर तो आमचाच आहे. माझ्याकडे या, मी ऐकेन."

शिकवण बदला असं मी म्हणत नाही, तो अधिकार माझा नाही आणि फादरांचाही नाही. पण ही दोन वाक्यं बोलायला रोमची परवानगी लागत नाही. चौकशीच्या खोलीचं दार लावून घ्यायलाही नाही. काही जण म्हणतील, लोक नाराज होतील, कुजबूज होईल. होईल की. कुजबूज तर आजही होतेच, फक्त ती सोसणारा एकटा असतो.

असो. तुमच्या पॅरिशमध्ये कुणी असं बोललं असेल तर जरूर कळवा. मला खरंच ऐकायला आवडेल.