ओळखलंत, बरं... पुढे काय?

मंडळी, 'आमचं यंत्र तुमच्या मनातलं ओळखतं' असं कुणी कौतुकाने सांगायला लागलं की मला एकच विचारावंसं वाटतं. ओळखलं, बरं... पुढे काय करतं?

ऑफिस ९७ मधली ती डोळे मिचकावणारी क्लिप आठवते? पत्र लिहायला घेतलं की मदतीला हजर! तिच्यामागे मायक्रोसॉफ्टमधलंच 'ल्युमिएर' नावाचं चांगलं संशोधन होतं. एरिक हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी ते १९९३ साली सुरू केलं. माणूस काय करतोय, कुठे थबकलाय, त्याला कितपत येतं, यावरून त्याला काय हवं असेल याची संभाव्यता काढायची. बाजारात आलेल्या क्लिपमध्ये यातलं थोडंच उतरलं. कुणाला किती येतं याची नोंद ती ठेवत नसे, तिला फक्त शेवटच्या काही हालचाली आठवायच्या. म्हणजे शंभरावं पत्र लिहिणाऱ्यालाही तीच शिकवणी! २००१ च्या ऑफिस एक्सपीत ती आपणहून यायची थांबली, ऑफिस २००७ मध्ये गेलीच.

लोक म्हणतात, तिचे अंदाज चुकायचे. आता अंदाज सुधारलेत, प्रश्न मिटला. अजिबात नाही! हॉर्विट्झनेच १९९९ च्या निबंधात मांडलंय की यंत्रापुढे तीन वाटा असतात: गप्प बसणं, विचारणं किंवा करून टाकणं. कुठली वाट धरायची हे नुसत्या खात्रीवर ठरत नाही. अंदाज चुकला तर माणसाला काय निस्तरावं लागेल, हेही मोजायचं असतं.

नेमकं हेच कुणी मोजत नाही. नातेवाईकांना ठाऊक आहेच, घरच्या ग्रुपवर मी रोमन लिपीत दादाला विचारलं, 'काय म्हणाले डॉक्टर'. माझ्या फोनच्या कीबोर्डने 'काय'चं 'ओके' केलं. 'ओके म्हणाले डॉक्टर' वाचून मावशीने देवापुढे साखर ठेवली. दादा तेव्हा दवाखान्याच्या रांगेत!

कीबोर्डने 'ओके' वर सुचवलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. शब्द बदलून टाकायचा अधिकार त्याला कुणी दिला? आणि शंभरातले नव्व्याण्णव अंदाज बरोबर आले, तरी शंभरावा कुणाच्या घरी जाऊन पडतो याचा हिशोब नको?

तेव्हा संशोधक मंडळींनो, अंदाज जरूर करा. पण तुमच्या यंत्राला गप्प बसता येतं का, ते आधी दाखवा.