काकांचा फॅक्टर ०.५

दोन आठवड्यांपूर्वी अकोल्याला काकांकडे जाऊन आलो. तोंडाचा कॅन्सर. अमरावती-मुंबई एक्स्प्रेसने टाटाच्या चकरा करून झाल्या, आता घरीच आहेत. मला म्हणाले, "एखादं नवीन औषध माह्यावर लावून पाह्यत असतीन तं पाहू दे. मले नाही तं कोनाले तरी कामी यीन."

काकू आतून ओरडल्या, "हे काय उंदीर हायेत काय?"

मला काकांचं पटलं. आयआयटी मुंबईत तयार झालेल्या कार-टी सेल थेरपीच्या चाचण्या २०२१ साली टाटामध्ये सुरू झाल्या. पुढे आले ते ब्लड कॅन्सर उलटलेले पेशंटच. ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली ती त्यांच्या जिवावर.

पण पहिल्या टप्प्याची चाचणी म्हणजे उपचार नव्हे हो! किती डोस सोसतो, काय अपाय होतो, हे त्यात बघतात. पेशंट मात्र 'मुंबईचं नवीन औषध' एवढंच ऐकतो आणि सही करतो.

दुसरी गोष्ट पैशाची. २०१९ च्या क्लिनिकल ट्रायल नियमांत चक्क फॉर्म्युला आहे. चाचणीमुळे माणूस दगावला तर भरपाई = ८ लाख × वयाचा फॅक्टर × रिस्क फॅक्टर ÷ ९९.३७. धडधाकट माणसाचा रिस्क फॅक्टर ४. ज्याच्याकडे सहाच महिने उरलेत, त्याचा ०.५. काका पासष्टचे, त्यांचा वयाचा फॅक्टरच ९९.३७. म्हणजे ४ लाख. शेजारचे त्यांच्याच वयाचे ठणठणीत गृहस्थ असते तर ३२.

हिशेब म्हणून चूक काढता येत नाही. आयुष्यच कमी उरलंय तर नुकसानही कमी. मीही कोड असाच लिहिला असता. पण आता हेच कंपनीच्या बाजूने वाचा. जो सगळ्यात लवकर 'हो' म्हणणार, तोच सगळ्यात स्वस्त! मरणाऱ्या माणसाला पुढे येऊ द्यावं, अडवू नये, या मताचा मी आहे. म्हणूनच तो ०.५ मला खटकतो. निदान १ तरी करा राव. सहा महिन्यांतून दिलेला महिना काय कमी किमतीचा असतो?

आकडा काकांना सांगितला नाही. निघताना एवढंच म्हटलं, "काका, अशा औषधाचा तुम्हाला स्वतःला बहुतेक काहीच उपयोग होणार नाही."

"मंग मी काय सांगतलं तुले?" म्हणाले, आणि काकूंना चहा मागितला. बशीत, थंड करून.