पाहुणचार, कर अलाहिदा

जपानी उंची मोटारीचे कौतुक ऐकायला माझी हरकत नाही. ऐकायला पेट्रोल लागत नाही. पण त्या कौतुकात 'पाहुणचार' हा शब्द घुसला, की माझ्यातला कारकून जागा होतो आणि खातेवही उघडतो.

आधी जमेची बाजू. टोयोटाने १९६७ साली 'सेंच्युरी' नावाची मोटार काढली. यंत्रमागवाले साकिची टोयोदा यांची ती जन्मशताब्दी, म्हणून हे नाव. तिच्यात मागे बसणाऱ्यासाठी चामड्यापेक्षा लोकरी कापड पसंत करतात. का? तर चामडे कुरकुरते! आमच्या शाखेत खुर्ची कुरकुरते, तिच्यावरचा माणूस कुरकुरतो, आणि समोरचा खातेदार तर विचारूच नका.

पुढे १९८९ साली त्याच कंपनीने अमेरिकेत 'लेक्सस' आणली. तिच्या कारखान्यातल्या पट्टीच्या कारागिराला 'ताकुमी' म्हणतात. ज्या हाताची सवय नाही अशा एकाच हाताने, दीड मिनिटाच्या आत, कागदाचे मांजर घडवून दाखवायचे, ही त्याच्या बोटांची परीक्षा. इथे लोकांची सवयीच्या हाताने केलेली सही नमुन्याशी जुळत नाही! त्या कारागिराला माझा दंडवत. कारागिरी खरी आहे, तिच्याबद्दल भांडण नाही.

भांडण पुढेच आहे. जपानीत 'ओमोतेनाशी' असा एक सुंदर शब्द आहे. पाहुण्याने मागण्याआधी त्याची गरज ओळखायची आणि बदल्यात कशाची अपेक्षा धरायची नाही. हा शब्द लेक्ससवाल्यांनी आपल्या मोटारीला चिकटवला. दाखला म्हणून एक कथा सांगतात. १९८९च्या डिसेंबरात, विक्री सुरू होऊन जेमतेम तीन महिने झालेले असताना, काही दोषांपायी सुमारे ८,००० गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कंपनीच्या माणसांनी कित्येक गाड्या घरून नेल्या, दुरुस्त केल्या, धुतल्या, टाकी भरली आणि दारात आणून उभ्या केल्या. हे सांगताना सांगणाऱ्याचे डोळे पाणावतात.

अहो, पण हा पाहुणचार नव्हे, हा हिशेब आहे! नवे दुकान, पहिलेच वर्ष. नाव गेले असते तर टाकीभर पेट्रोलापेक्षा कितीतरी महाग पडले असते. हिशेब चोख आहे, शंभरपैकी शंभर मार्क! पण त्याला हिशेबच म्हणा. मोठा ठेवीदार आला की आमचे साहेब केबिनमध्ये चहा मागवतात. त्याला आम्ही पाहुणचार म्हणत नाही, ठेव-संकलन म्हणतो. पेन्शनच्या रांगेतल्या आजींना खुर्ची मिळते का, ते विचारा.

खरी ओमोतेनाशी बघायची तर त्याच जपानात टोकियोच्या टॅक्सीत बसावे. मागचे दार ड्रायव्हर आपल्या जागेवरून उघडतो. ही सोय १९६४च्या ऑलिंपिकच्या सुमारास फोफावली. हातात पांढरे मोजे, गादीवर पांढरी खोळ, आणि टिप देण्याची पद्धतच नाही. कारखानदार असो की कारकून, दार तसेच उघडते आणि मीटर तेवढाच पडतो. तुम्ही त्या टॅक्सीत पुन्हा कधी बसाल, याची शक्यता शून्य. तरी दार उघडते.

जे गिऱ्हाईक परत येणार नाही, त्याच्याशी माणूस कसा वागतो, तिथेच पाहुणचाराची बाकी निघते. तेव्हा जाहिरातवाल्यांनी तो शब्द उंची मोटारीच्या खाती परस्पर जमा करू नये. तूर्त सस्पेन्स अकाउंटला ठेवावा.