नोकराची खरी किंमत

गुढीपाडवा जवळ आला म्हणजे वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या ओसरीवर सालदाराची बोली होते. रोख किती, ज्वारी किती, कपडे व वहाणा कोणी करावयाच्या, उचल किती व ती कशी फेडावयाची, हे सर्व चारचौघांसमक्ष ठरते. ह्या पद्धतीत दोष पुष्कळ. उचलीच्या दोरीने मनुष्य वर्षानुवर्षे एकाच दाराशी बांधला जाई, आणि १९७६ साली वेठबिगारीविरुद्ध कायदा करावा लागला तो उगाच नव्हे. परंतु एका बाबतीत तो शेतकरी, मग तो निरक्षर का असेना, आजच्या दुकानदाराहून अधिक हिशेबी होता. सालदार आपणांस वर्षाकाठी एकंदर कितीला पडतो हे त्यास पक्के ठाऊक असे. पिंपळगाव राजा येथील एखाद्या दुकानदारास अथवा खामगावच्या जिनवाल्यास हाच प्रश्न विचारा. तो चटकन महिन्याच्या पगाराचा आकडा सांगेल व आपण हिशेब सांगितला असे समजेल.

आश्चर्य असे की, मालाच्या बाबतीत हाच मनुष्य पैपैचा जाब घेतो. जलंब-खामगाव रेल्वे १८७० साली सुरू झाली तेव्हापासून ह्या मुलखातील कापूस देशोदेशी गेला, आणि गाठीमागे भाडे, हमाली, दलाली, विमा व तूट धरल्यावाचून माल कितीला पडला हे सांगता येत नाही, हा धडा आमच्या व्यापाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गिरविला. मग मनुष्याच्या श्रमाचीच तेवढी खरेदी वरवरच्या भावाने का मोजावी?

आपण एक उदाहरण घेऊ. वीसांहून अधिक माणसे असलेल्या एका कारखान्यात १५,००० रुपये मूळ वेतनाचा एक कारकून आहे. भविष्यनिर्वाह निधीत मालकाचा वाटा शेकडा १२, म्हणजे १,८०० रुपये. त्याच खात्याच्या विमा योजनेचे अर्धा टक्का व व्यवस्थापन खर्चाचे अर्धा टक्का, मिळून १५०. जेथे कर्मचारी राज्य विमा योजना लागू आहे तेथे मालकाचे शेकडा ३.२५, म्हणजे ४८८. ग्रॅच्युइटी दर पुऱ्या वर्षास पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी. ती द्यावयाची पुढे असली तरी तिचे ऋण आजच चढत असते, व ते महिन्यास ७२१ होते. बोनस कमीत कमी शेकडा ८.३३, २०१५ च्या दुरुस्तीतील ७,००० रुपयांची मर्यादा धरली तरी महिना ५८३, आणि किमान वेतन त्याहून अधिक असेल तर अर्थातच जास्त. सर्व मिळून ३,७४२ रुपये. पंधरा हजारांचा कारकून येथे १८,७४२ ला पडला.

पण हिशेब येथेच संपत नाही. वर्षाचे ३६५ दिवस. त्यांतून ५२ साप्ताहिक सुट्ट्या, सणावारांच्या आठ, किरकोळ रजेचे आठ व वीस दिवसांच्या कामामागे एक ह्या मानाने मिळणाऱ्या भरपगारी रजेचे चौदा दिवस वजा करा. उरले २८३. वर्षाचे २,२४,९०४ रुपये ह्या दिवसांवर वाटले असता प्रत्यक्ष कामाचा एक दिवस सुमारे ७९५ रुपयांना पडतो. मालकाच्या मनात मात्र पंधरा हजार भागिले तीस, म्हणजे पाचशे! ह्या पाचशेंच्या भरवशावर जो मालाचा भाव बांधतो, तो वर्षअखेर नफा कोठे गेला म्हणून मुनिमावर डोळे वटारतो.

ह्यावर कोणी म्हणेल, 'मग ह्या सुट्ट्याच कमी करा.' त्यास आमचे उत्तर एवढेच की, १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळवून दिली, त्यामुळे गिरण्या बुडाल्या नाहीत. सुटी हा नोकरीच्या किंमतीचाच भाग आहे. ती मालकाने केलेली मेहेरबानी नव्हे. वेतनाचे तुकडे करून त्यांस निरनिराळ्या भत्त्यांची नावे देण्याची युक्तीही आता फारशी चालावयाची नाही. सर्वांस सरसकट दिला जाणारा भत्ता भविष्यनिर्वाहाच्या हिशेबी वेतनच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ठरविले. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांप्रमाणे भत्ते एकंदर मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले की वरचा भाग वेतनातच मोजला जातो.

आमच्या बहुतेक वाचकांच्या दुकानात तीन-चारच माणसे असतात. वरील वर्गण्या त्यांस लागू नाहीत व ते निश्चिंत असतात. आमच्या मते खरा धोका ह्यांनाच आहे. कामावर अपघात झाल्यास भरपाई देण्याचे मालकाचे दायित्व १९२३ च्या कायद्यापासून चालत आले आहे, व ते आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाले आहे. भरपाईसाठी धरावयाच्या वेतनाची मर्यादा २०२० साली १५,००० रुपये करण्यात आली. तेवढ्या वेतनाचा तीस वर्षांचा मनुष्य कामावर दगावला तर निम्मे वेतन गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. ज्याने राज्य विम्याचे ४८८ भरले त्याच्यावरील हा भार विमा महामंडळ उचलते. ज्याने ना ते भरले, ना खासगी विमा उतरविला, त्याच्या दुकानातील सर्व माल विकूनही ही रक्कम उभी राहीलच असे नाही. आणि ती उभी राहिली नाही तर तिची झळ विधवेस व पोरांस लागते. खर्च वहीत लिहिला नाही म्हणून तो नाहीसा होत नाही. तो दुसऱ्याच्या घरी, बहुधा सर्वांत दुबळ्याच्या घरी, जाऊन बसतो.

नोकर बदलण्याच्या खर्चाचीही अशीच गोष्ट. गिऱ्हाइकांची उधारी कोणाची बुडीत व कोणाची हंगामावर येणारी, कोणत्या गावास कोणते बियाणे चालते, हे नव्या माणसास कळावयास दोन हंगाम लागतात. पाचशे रुपयांच्या वाढीसाठी जुन्या माणसास जाऊ देणारा व्यापारी ही विद्या फुकट शेजारच्या दुकानास देतो.

आता सरकारपक्षाकडे वळू. कारण दोष एकट्या मालकाचा नाही. भविष्यनिर्वाहाची रेषा वीस माणसांवर ओढली आहे. एकोणीस माणसे असलेल्या मालकाने १५,००० वेतनाचा विसावा मनुष्य ठेवला, तर केवळ त्याच्यापुरता नव्हे, विसांचाही वाटा द्यावा लागतो. प्रत्येकी १,९५० प्रमाणे ३९,०००. म्हणजे त्या एका माणसाची किंमत पहिल्याच महिन्यात ५४,००० झाली, आणि बोनस वेगळाच! मग विसावा मनुष्य हजेरीपटावर न येता मागील दाराने आला, अथवा दुकानाचे दोन तुकडे होऊन एक धाकट्या भावाच्या नावे झाला, तर नवल काय? कायदा अशा तुकड्यांस एकच आस्थापना मानू शकतो, हे आम्ही वकील ह्या नात्याने आमच्या वाचकांस बजावून ठेवतो. पण ज्या कायद्याने प्रामाणिक मनुष्यासमोर पायरीऐवजी भिंत उभी केली, त्या कायद्यानेही आपला आकार तपासावा. पहिल्या माणसापासून लहानशी वर्गणी सुरू करून ती संख्येबरोबर हळूहळू वाढविली, तर तीन माणसांच्या दुकानातील नोकरासही म्हातारपणाची चार कवडी मिळेल व विसाव्याची भीती उरणार नाही.

केंद्र सरकारने १ ऑगस्ट २०२५ पासून सुरू केलेल्या रोजगार योजनेत नवीन नोकर सहा महिने टिकविणाऱ्या मालकास दोन वर्षेपर्यंत महिना तीन हजारांपर्यंत साह्य ठेवले आहे; वरील वेतनास ते दोन हजार पडते. नोकर ठेवण्यास पगाराखेरीज खर्च येतो, ही त्यात सरकारने दिलेली कबुलीच होय. परंतु ती मदत नोंदलेल्या आस्थापनांस, व पन्नासांहून कमी माणसे असल्यास निदान दोन नवीन माणसे घेणाऱ्यांस आहे. पिंपळगाव राजाच्या बाजारपेठेत एकच पोऱ्या ठेवणाऱ्या दुकानदाराच्या पदरी तिच्यातून काही पडत नाही. त्याने तूर्त निदान एवढे करावे: दिवाळीस नवी वही पुजताना प्रत्येक नोकराचे एक पान घालावे, त्यात पगार, उचल, रजा, बोनस व विमा अशी घरे पाडावी, आणि ते पान नोकरास वाचून दाखवून त्याची सही घ्यावी.