मुलीला फुटबॉल खेळू द्या, पण आधी रक्त तपासा

परवा दवाखान्यात एक आई नववीतल्या मुलीला घेऊन आली. मुलीला मैत्रिणींच्या संघातून फुटबॉलच्या स्पर्धेला जायचे होते आणि आईला माझी सही नको होती, नकार हवा होता. "डाक्टरसाहेब, पोटाले बॉल लागला त उद्या लेकरंबाळं होतीन का इले?" मुलगी मान खाली घालून बसली होती.

या भीतीबद्दल आईला दोष देण्यात अर्थ नाही. ती आमच्याच व्यवसायाने पसरवलेली आहे. इंग्लंडमध्ये प्रेस्टन गावच्या कारखान्यातील बायकांचा डिक, कर लेडीज हा क्लब 26 डिसेंबर 1920 रोजी लिव्हरपूलला खेळला, तेव्हा सुमारे 53 हजार लोक सामना पाहायला आले होते. पुढच्याच वर्षी तिथल्या फुटबॉल संघटनेने, हा खेळ बायकांना मानवणारा नाही असे सांगून, आपल्या क्लबांची मैदाने त्यांना बंद केली. काही नामांकित डॉक्टरांनीही या मताला दुजोरा दिला. ती बंदी उठायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. वाचकहो, गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या कड्यात खोल सुरक्षित असते. चेंडू लागून मूलबाळ न होण्याची भीती निराधार आहे.

धोका आहे तो गुडघ्याला. गुडघ्यातील पुढचा आडवा स्नायुबंध तुटण्याचे प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा दोन-तीन पटींनी जास्त आढळते. बहुतेक वेळा धडक बसून नव्हे, तर धावताना एकदम वळल्याने किंवा उडी मारून गुडघा आत झुकवून उतरल्याने तो तुटतो. यावर 'फिफा 11+' नावाचा वीस मिनिटांचा व्यायाम आहे. नॉर्वेतील मुलींवर केलेल्या अभ्यासात त्यामुळे गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. त्याला साहित्य लागत नाही, फक्त खेळण्यापूर्वी रोज करणारा शिक्षक लागतो.

पण आपल्याकडचा खरा अडसर वेगळाच आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. म्हणजे अकरा जणींच्या संघात पाच-सहा जणी अर्ध्या ताकदीने धावणार! त्या दमल्या की आपण म्हणतो, पोरींचा खेळच नाही हा. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू स्टेडियमवर 2017 मध्ये महिला क्लबांच्या इंडियन विमेन्स लीगची प्राथमिक फेरी झाली. तिथे देशभरातून आलेल्या मुली नव्वद मिनिटे धावल्याच ना?

शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली बेंचखाली टाकतात, हे शिक्षकांनाही ठाऊक आहे. मळमळते म्हणून टाकतात. जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. जेवणावर लगेच चहा नको, ताटात लिंबाची फोड हवी. अंबाडी, हरभरा, शेंगदाणे आपल्या भागात घरोघरी आहेत. फक्त ते मुलाच्या ताटात आधी आणि मुलीच्या ताटात उरले तर, असे होऊ नये.

आयोजकांनाही एक सांगणे. हारतुरे आणि मंचाचा खर्च करता, मग मुलींसाठी दार लागणारे स्वच्छतागृह का नसते? एका स्पर्धेला मी डॉक्टर म्हणून गेलो होतो. स्वच्छतागृह नाही म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नव्हत्या. दुपारी दोघींना पायात गोळे आले, एकीला भोवळ. पाळीच्या दिवसांत खेळायला हरकत नाही, पण पॅड बदलायला आडोसा तर हवा! त्यात आपल्या खारपाणपट्ट्यातले मचूळ पाणी कोणी दोन घोटांपलीकडे पीत नाही. गोड्या पाण्याचे जार मैदानावर ठेवा.

त्या मुलीचे हिमोग्लोबीन 9.4 निघाले, ते 12 तरी हवे. मी सही केली नाही आणि आईला हवा होता तो नकारही दिला नाही. गोळ्या लिहून दिल्या, मैदानात सध्या हलका सराव कर म्हणालो आणि दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायला बोलावले. जाताना मुलीने विचारले, "तवरोक स्पर्धा संपन ना?" ही संपेल, पुढच्या वर्षीची आहे, असे मी म्हणालो. तिला ते फारसे पटलेले दिसले नाही.