संचलन थांबल्यानंतर

दरवर्षी १४ जानेवारी हा दिवस देशात माजी सैनिक दिन म्हणून पाळला जातो. स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय सरसेनापती जनरल करिअप्पा १९५३ साली याच दिवशी सेवानिवृत्त झाले, त्याची ही आठवण. संक्रांतीच्या धामधुमीत हा दिवस सामान्य नागरिकाच्या ध्यानात राहत नाही ही गोष्ट वेगळी. पण सभा भरतात, भाषणे होतात, आणि छातीवर पदके लावलेल्या वृद्धांना पहिल्या रांगेतील खुर्च्यांवर बसवून शाल-श्रीफळ दिले जाते. १९६१ च्या डिसेंबरात गोमंतकाच्या भूमीवर पाऊल ठेवणारे जे जवान अद्याप हयात आहेत ते ऐंशीच्या पलीकडे गेले आहेत. १९७१ च्या युद्धातील तेव्हाचे कोवळे शिपाई आता पंच्याहत्तरीच्या आसपास आहेत. त्यांचा सन्मान व्हावा याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. आमचा प्रश्न आहे तो त्या खुर्चीविषयी.

सैन्यातील माणसाचे आयुष्य पायांवर उभे असते. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात भरती झालेला खानापूर, चंदगड किंवा सावंतवाडीकडचा पोरगा पहिल्या दिवसापासून धावू लागतो. पहाटेची पी.टी., मग परेड, मग पाठीवर बोजा घेऊन मैलोगणती चाल. आणि लाइट इन्फंट्रीची तर परंपराच इतर पायदळापेक्षा शीघ्र गतीने संचलन करण्याची. पंधरा-वीस वर्षे हे चालते आणि पस्तिशी-चाळिशीच्या सुमारास, दिवाणी नोकरीतील माणसाला जेथे नुकती बढती मिळू लागते तेथे, साधा शिपाई किंवा खलाशी निवृत्त होऊन घरी येतो. पुढे त्याला आणखी तीस-चाळीस वर्षांचे आयुष्य असते. देशाने त्याच्या शरीराची मशागत केली ती या उत्तरार्धासाठी नव्हती, आणि उत्तरार्धाचे काय करावे हे त्याला कोणी शिकविलेलेही नसते.

तो शेती करील, असे पूर्वी गृहीत धरले जाई. आज आपल्याकडची किती शेते पडीक आहेत हे पेडण्यापासून काणकोणपर्यंत रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही दिसते. तेव्हा माजी सैनिक पहारेकरी होतो. बँकेच्या दारात बंदूक घेऊन, कारखान्याच्या फाटकापाशी नोंदवही घेऊन, वसाहतीच्या तोंडाशी पत्र्याच्या खोपटात रात्रभर तो बसलेला असतो. बारा-बारा तासांची पाळी, अर्धवट झोप, चहा आणि विडी. ज्या माणसाला राष्ट्राने चालायला शिकविले त्याला समाजाने बसण्याचा पगार द्यावा, हा आमच्या अर्थव्यवस्थेचा एक विचित्र न्याय आहे. साठीनंतर तेही सुटते. मग ओसरीवरची आरामखुर्ची, दूरदर्शन संच, आणि घरच्यांचा आदर. ‘तुम्ही बसा, आम्ही आणतो’ हे वाक्य प्रेमाचे खरे, पण वीस वर्षे ऐकलेल्या माणसाला ते उठू देत नाही.

आमच्या परिचयाचे एक निवृत्त हवालदार आहेत. त्यांना आपला सैन्यातील क्रमांक, रायफलीचा क्रमांक आणि पहिल्या कंपनी कमांडरचे नाव आजही अचूक सांगता येते. जेवण झाले की नाही, हे मात्र त्यांना सांगता येत नाही. पेज घेऊन झाल्यावर अर्ध्या तासाने ते पुन्हा ताटावर येऊन बसतात, आणि सून काही बोलली तर रागावतात. प्रारंभी घरच्यांना ती थट्टा वाटली, नंतर हट्ट वाटला. ‘म्हातारचळ लागला’ असे म्हणून शेजाऱ्यांनी प्रकरण निकालात काढले. डॉक्टरकडे न्यायचे, ते एके संध्याकाळी स्वतःच्या वाड्यावरून परतताना घराची वाट चुकले तेव्हा. जुने स्मरण टिकते आणि नवे टिकत नाही, हे स्मृतिभ्रंशाचे सर्वपरिचित लक्षण आहे. ते ओळखायला चार वर्षे लागली.

असे घर एखादेच नव्हे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अनुमानाप्रमाणे साठीपुढील भारतीयांपैकी शेकडा सातांहून अधिक, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. शहरापेक्षा खेड्यांत आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत प्रमाण अधिक. सैनिकाच्या बाबतीत यात आणखी काही भर पडते. अमेरिकेत ५५ वर्षांवरील १,८१,०९३ माजी सैनिकांच्या नोंदी तपासून २०१० मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात युद्धाच्या वा तत्सम आघाताचा मानसिक विकार जडलेल्यांपैकी सात वर्षांत शेकडा १०.६ जणांना स्मृतिभ्रंश झाला. ज्यांना तो विकार नव्हता त्यांच्यात हे प्रमाण ६.६ होते. डोक्याला मार लागलेल्यांचा धोकाही असाच वाढलेला आढळला आहे. अमेरिकेचे आकडे जसेच्या तसे आपल्या जवानाला लावू नयेत, हे आम्ही जाणतो. परंतु हिमशिखरांवर राहिलेला, स्फोट जवळून अनुभवलेला आणि त्याविषयी बायकोपाशीही अवाक्षर न काढलेला माणूस आपल्याही गावात आहे. तोफखान्यातील आणि जहाजाच्या इंजिनखोलीतील लोकांच्या कानांची काय अवस्था होते, हे वास्कोच्या कोणत्याही जुन्या नाविकाशी बोलताना कळते. बहिरेपण हेही स्मृतिभ्रंशाच्या कारणांत गणले जाते, याची मात्र फार थोड्यांना कल्पना आहे.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणे मांडली आणि ती सर्व दूर करता आली तर जगातील जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबेल असे म्हटले. त्या यादीत रक्तदाब, मधुमेह, स्थूलता, धूम्रपान, बहिरेपण, खिन्नता, एकटेपणा आहे, अतिमद्यपान आहे, आणि शरीराची निष्क्रियता आहे. (कँटीनच्या कोट्यातील रमचा उल्लेख येथे केल्यास आमचे माजी सैनिक मित्र रागावतील. रागावोत. गोव्यात तर कोट्याचीही वाट पाहावी लागत नाही.) यादी नीट पाहिली तर ध्यानात येते की व्यायाम हा तिच्यातील एक वेगळा कप्पा नाही. नियमित चालणाऱ्याचा रक्तदाब उतरतो, साखर आटोक्यात राहते, झोप लागते, मन हलके होते. मेंदूला रक्त पुरविणाऱ्या केसासारख्या सूक्ष्म वाहिन्या ज्या रोगांनी बुजतात, त्या रोगांच्या मुळावरच हे चालणे घाव घालते.

मेंदूवर व्यायामाचा प्रत्यक्ष परिणामही मोजला गेला आहे. २०११ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२० वृद्धांचे दोन गट केले. एक गट आठवड्यातून तीन दिवस चाळीस-चाळीस मिनिटे भरभर चालला, दुसऱ्याने केवळ अंग ताणण्याचे व्यायाम केले. वर्षअखेर चालणाऱ्यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा स्मरणाशी निगडित भाग सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेला आढळला. दुसऱ्या गटात तो वयोमानाप्रमाणे आक्रसला होता. औषधाच्या गोळीने असे घडले असते तर तिच्या जाहिरातींनी वृत्तपत्रांची पाने भरली असती!

तथापि व्यायामाचे वेड लागलेल्यांनी अतिशयोक्ती करू नये. ब्रिटनमध्ये ४९४ स्मृतिभ्रंशग्रस्तांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जोरकस व्यायामाने त्यांची शारीरिक ताकद सुधारली, पण बुद्धीचा ऱ्हास थांबला नाही. म्हणजे रोग जडल्यावर परेड सुरू करून गेलेली स्मृती परत येत नाही. वेळ आहे ती चाळिशीत, पन्नाशीत, फार तर साठीच्या उंबरठ्यावर. १९९९ च्या कारगिल युद्धात लढलेला विशीतील जवान आज नेमका या वयात आहे, आणि तो बँकेच्या दारात बसला आहे.

आता व्यावहारिक भाग. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचविते. पासष्टीपुढील माणसाने त्याखेरीज आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद सांभाळणारे व्यायाम करावेत असे सांगते. दुसऱ्या कुणा वृद्धाला हे पटवून द्यायला वर्ष लागेल. माजी सैनिकाला ते पटवावे लागत नाही. त्याला हुकूम आणि सोबत लागते. एकट्याने पहाटे उठून चालणे त्याच्या स्वभावात नाही, कारण आयुष्यात तो कधी एकटा चाललेलाच नाही. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या खात्याने हे हेरले. डरहॅम येथे १९८६ मध्ये त्यांनी वृद्ध माजी सैनिकांसाठी ‘जेरोफिट’ नावाचा उपक्रम सुरू केला: प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, प्रत्येकाच्या प्रकृतीप्रमाणे, पण सगळ्यांनी मिळून व्यायाम. पुढे तो त्या देशातील अनेक केंद्रांत पसरला. त्यात यंत्रसामग्रीपेक्षा जुन्या सोबत्यांचा मेळावाच मोलाचा आहे असे आम्हाला वाटते. एकटेपणाचा उपाय आणि पायांचा उपाय तेथे एकाच वेळी होतो.

आपल्याकडे याला फारसा खर्च नाही. अडचणी आहेत, त्या खऱ्या आहेत. डोंगरात बोजा वाहिलेल्यांचे गुडघे गेलेले असतात. त्यांना चढउतार नको, समुद्रकाठची ओली घट्ट वाळू किंवा सायकल बरी. ज्याच्या छातीत दुखते किंवा चालताना दम लागतो त्याने आधी डॉक्टरांना विचारावे. आमच्या रस्त्यांना पदपथ नाहीत आणि भल्या पहाटेही खनिजाचे व वाळूचे ट्रक माणसाला कडेला ढकलतात; तेव्हा शाळेचे मैदान सकाळी सात वाजेपर्यंत उघडे ठेवणे पंचायतीला अशक्य नसावे. आणि चार महिन्यांच्या पावसाचे काय? देवळांचे सभामंडप सकाळच्या वेळी रिकामेच असतात. देवस्थान समित्यांनी मनावर घेतले तर दहा-पंधरा वृद्धांना तेथे तासभर हातपाय हलवायला कोणता देव हरकत घेईल? एखादा निवृत्त सुभेदार पुढे उभा केला की शिस्त आपोआप येते.

सरकारने मात्र एक गोष्ट करायला हवी. १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना चालू आहे आणि तिच्या दवाखान्यांत निवृत्तिवेतनधारक रक्तदाबाच्या व साखरेच्या गोळ्या घ्यायला नेमाने येतात. गोळ्यांच्या पुड्या मोजून त्यांना घरी पाठविण्यापूर्वी वर्षातून एकदा तरी त्यांचे कान तपासावेत, त्यांना खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठायला सांगावे, चार शब्द सांगून पाच मिनिटांनी परत विचारावेत, आणि डोक्याला कधी मार लागला होता का, रात्री दचकून जाग येते का, हेही विचारावे. याला दहा मिनिटे लागतात आणि यंत्र एकही लागत नाही. सोबत बायको किंवा मुलगा आला असेल तर त्यालाही बाजूला घेऊन दोन प्रश्न करावेत, कारण विसरणारा माणूस आपण विसरतो हे सांगत नाही; त्यातून तो सैनिक असेल तर मुळीच नाही. जे दवाखान्यापर्यंत येऊ शकत नाहीत, ज्यांचा हयातीचा दाखलाही आता नोव्हेंबरात मुलाच्या मोबाईलवरून जातो, त्यांची यादी सैनिक कल्याण खात्याने गाववार काढावी आणि त्यांच्या ओसरीवर कोणी तरी जाऊन यावे. येत्या १४ जानेवारीच्या समारंभाचे निमंत्रण तेवढ्याच फेरीत देता येईल.