मोई नदीच्या काठावर वर्षावास संपतो तेव्हा

अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. त्या दिवशी भिक्खू पवारणा करतात. आपल्या वागण्यातील जो दोष इतरांनी पाहिला, ऐकला किंवा ज्याची त्यांना नुसती शंका आली, तो दाखवून द्यावा, अशी विनंती प्रत्येक भिक्खू संघाला करतो. आपल्या विहारांमध्येही तीन महिने चाललेल्या ग्रंथवाचनाची सांगता याच सुमारास होते. यंदा या निमित्ताने थायलंड आणि म्यानमारच्या सीमेवरील एका गावाकडे पाहू. तिथे नदीच्या दोन्ही काठांवर बौद्धांची वस्ती मोठी आहे आणि पवारणेची गरजही तितकीच मोठी आहे.

हे गाव म्हणजे थायलंडच्या ताक प्रांतातील मे सोत. समोर मोई नदी, पलीकडे म्यानमारचे म्यावाडी. दोन्ही गावांना जोडणारा मैत्री पूल 1997 साली खुला झाला. पावसाळ्यात नदी दुथडी भरून वाहते. पाऊस थांबला की पाणी उतरते आणि काही ठिकाणी माणसे चालत पलीकडे जाऊ शकतात. याच दिवसांत थाई विहारांमध्ये वर्षावास समाप्तीचे दान होते, बर्मी वस्त्यांमध्ये थडिंज्युतचे दिवे लागतात आणि त्यानंतर महिनाभर कठीन चीवरदानाचे कार्यक्रम चालतात. एखादा भारतीय बौद्ध प्रवासी आता तिथे गेला, तर त्याला सगळे ओळखीचे वाटेल.

पण तिथल्या लोकांसाठी पाऊस संपण्याचा आणखी एक अर्थ आहे. चिखल वाळला की लष्कराच्या गाड्या आणि तोफा पुढे सरकतात. अनेक दशके म्यानमारच्या लष्कराच्या मोठ्या मोहिमा कोरड्या ऋतूतच होत आल्या आहेत. 1 फेब्रुवारी 2021 रोजी लष्कराने सत्ता बळकावली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये म्यावाडीजवळच्या ले के कॉ येथील लढाईमुळे हजारो लोक मोई ओलांडून थायलंडमध्ये आले. एप्रिल 2024 मध्ये खुद्द म्यावाडीत लढाई झाली. 2025 मध्ये तर दिव्यांचा सणही सुटला नाही. 6 ऑक्टोबर रोजी सगाइंग विभागातील चाउंग-ऊ येथे थडिंज्युतच्या संध्याकाळी मेणबत्त्या घेऊन जमलेल्या लोकांवर लष्कराने पॅरामोटरमधून बॉम्ब टाकले. 20 पेक्षा जास्त माणसे मेली. बॉम्ब टाकणारे सरकार स्वतःला बौद्ध धर्माचे रक्षक म्हणवते.

खरी तक्रार आणि तिचा वापर

मोई काठचा इतिहास बौद्ध तरुणांनी विशेष लक्ष देऊन वाचावा, असा आहे. करेन ही म्यानमारमधील एक मोठी जमात. तिच्या हक्कांसाठी करेन नॅशनल युनियन 1949 पासून सशस्त्र लढा देत आहे. संघटनेच्या वरच्या फळीत ख्रिस्ती नेते अधिक होते, तर सामान्य सैनिकांमध्ये बौद्धांची संख्या मोठी होती. आपल्याला निर्णयात स्थान नाही, आपल्या श्रद्धेला मान नाही, ही बौद्ध सैनिकांची तक्रार होती. मनेरप्लॉ या मुख्य तळाच्या परिसरात पगोडा बांधण्यावरूनही वाद पेटला. तक्रार खोटी नव्हती आणि नेतृत्वाने ती वेळीच ऐकली नाही.

डिसेंबर 1994 मध्ये हे सैनिक बाहेर पडले आणि त्यांनी डेमोक्रॅटिक करेन बुद्धिस्ट आर्मी स्थापन केली. लष्कराने ही फूट लगेच हेरली. शस्त्रे आणि रसद दिली. जानेवारी 1995 मध्ये याच बौद्ध सैनिकांच्या मदतीने लष्कराने मनेरप्लॉ जिंकले. करेन बौद्धांना त्यातून स्वायत्तता मिळाली नाही, समान हक्क मिळाले नाहीत. 2010 मध्ये या सैन्याचा मोठा भाग लष्कराच्या अखत्यारीतील सीमा रक्षक दल बनला. त्याचे प्रमुख सॉ चिट थू. 2024 मध्ये या दलाने नाव बदलून करेन नॅशनल आर्मी असे केले.

याच दलाच्या ताब्यातील मोई काठावर श्वे कोक्को आणि केके पार्क यांसारखी सायबर फसवणुकीची केंद्रे उभी राहिली. मे 2025 मध्ये अमेरिकेने हे दल, सॉ चिट थू आणि त्यांचे दोन मुलगे यांच्यावर याच कारणासाठी निर्बंध लादले. बौद्ध सैनिकांना मान मिळावा म्हणून सुरू झालेला प्रवास तीस वर्षांत गुलामांच्या कारखान्यांना जमीन आणि संरक्षण देण्यापर्यंत पोहोचला. फुटीचा अनुभव आपल्या चळवळीलाही नवा नाही. तक्रार दडपणारे नेतृत्व आणि तक्रार विकत घेणारी सत्ता, या दोघांमध्ये सामान्य कार्यकर्ता कसा भरडला जातो, ते मोई काठावर दिसते.

आपली मुले तिथे कशी पोहोचतात?

हा प्रश्न दूरच्या देशापुरता राहिलेला नाही. मार्च 2025 मध्ये या केंद्रांतून सुटलेल्या 549 भारतीयांना मे सोतवरून हवाई दलाच्या विमानांनी परत आणले गेले. ऑक्टोबरमध्ये केके पार्कवर छापे पडल्यावर 1,500 पेक्षा जास्त लोक नदी ओलांडून मे सोतला आले. त्यांत सुमारे 500 भारतीय होते. नोव्हेंबरमध्ये त्यांपैकी 270 आणि नंतर 197 जण भारतात परतले. एप्रिलमध्ये महाराष्ट्र सायबर विभागानेही म्यानमारमध्ये अडकलेल्या 60 पेक्षा जास्त भारतीयांची सुटका केली आणि काही एजंटांना अटक केली.

पद्धत ठरलेली आहे. टेलिग्राम किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर थायलंडमधील नोकरीची जाहिरात येते. डेटा एंट्री, डिजिटल मार्केटिंग, ग्राहक सेवा असे काम सांगतात. पगार इथल्या कितीतरी पट. मुलाखत फोनवरच उरकते. बँकॉकला उतरलेल्या मुलाला गाडीने मे सोतकडे आणि तिथून नदीपलीकडे नेतात. पासपोर्ट काढून घेतात. मग रोज जगभरातील लोकांना प्रेमाच्या किंवा गुंतवणुकीच्या नावाखाली लुबाडायचे. ठरलेली कमाई झाली नाही तर मारहाण आणि सुटकेसाठी खंडणी.

पदवी आहे, इंग्रजी येते, कॉम्प्युटर येतो, पण नोकरी नाही, असा तरुण या जाळ्यात सापडतो. आपल्या वस्त्यांमध्ये असे तरुण घरोघरी आहेत. म्हणून काही गोष्टी प्रत्येक विहारात सांगायला हव्यात. पर्यटक म्हणून थायलंडमध्ये मिळालेल्या प्रवेशावर तिथे नोकरी करता येत नाही. परदेशी नोकरी लावणारा एजंट नोंदणीकृत आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. नोकरी बँकॉकची आणि गाडी मे सोतच्या दिशेने निघाली, तर धोका ओळखावा आणि भारतीय दूतावासाशी ताबडतोब संपर्क साधावा.

दान कुणाला?

मे सोतची दुसरी बाजूही आहे. 1988 च्या उठावानंतर म्यानमार सोडून आलेल्या डॉ. सिंथिया माउंग यांनी 1989 मध्ये तिथे मे ताओ क्लिनिक सुरू केले. कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांवरही तिथे उपचार होतात. 2002 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सीमेवर निर्वासितांच्या 9 छावण्या आहेत आणि त्यांत 1 लाखाच्या आसपास माणसे राहतात. काहींचा जन्मच छावणीतला. 2025 मध्ये अमेरिकेने मदत रोखली आणि छावण्यांतील दवाखान्यांना आणि धान्यवाटपाला जबर फटका बसला. त्यानंतर थायलंडने छावणीतील लोकांना बाहेर कायदेशीर काम करण्याची मुभा दिली. उशिरा का होईना, हे योग्य पाऊल आहे.

डिसेंबर 1954 मध्ये बाबासाहेब रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेसाठी गेले होते. भिक्खूचे प्रयोजन काय, तो केवळ स्वतःची पूर्णता साधणारा आहे की समाजाचा सेवक, हा प्रश्न त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेत विचारला. 2007 मध्ये म्यानमारच्या हजारो भिक्खूंनी रस्त्यावर उतरून आणि लष्करी अधिकाऱ्यांचे दान नाकारून त्याचे उत्तर दिले होते. आज काही भिक्खू निर्वासितांसोबत आहेत, तर काही सेनापतींच्या दानसोहळ्यात. 28 डिसेंबर 2025 पासून लष्कराने टप्प्याटप्प्याने निवडणुका घेतल्या. अशा काळात पगोडे आणि दानाची छायाचित्रे भरपूर येतात. ती पुढे पाठवण्याआधी दान देणाऱ्याचे हात कशाने माखले आहेत, ते पाहावे.

थायलंडच्या धम्मसहलींना आपल्याकडून दरवर्षी अनेक जण जातात. सुवर्णमूर्ती पाहाव्यात, वंदन करावे. सोबत मोई काठच्या माणसांचीही चौकशी करावी. बौद्ध देशांबद्दल आपल्याला आदर आहे. पण आपण जे पाहिले, ऐकले आणि ज्याची शंका आली ते बोलून दाखवणे, हाच त्या आदराचा धम्माला धरून असलेला मार्ग आहे. आणि तोच नियम आपल्या संघटनांनाही लागू आहे.